फाट्यावरचे हरित लेखापरीक्षक

पुणे-सातारा हमरस्त्यावर कापूरहोळला एक रस्ता भोरकडे वळतो, दुसरा नारायणपूर-सासवडकडे. पौर्णिमेला इथे दत्ताच्या दर्शनाला निघालेल्या गाड्यांची गर्दी होते आणि जूनमध्ये वृक्षारोपणाला निघालेल्या संस्थांची. या दुसऱ्या गर्दीचं दैवत म्हणजे फाट्यालगतच्या रोपवाटिकेतले तात्या. असा एखादा तात्या हल्ली प्रत्येक तालुक्यात सापडतो. रोपं विकतो, पैसे मोजून घेतो, पण गिऱ्हाईक ते रोप जगवेल यावर त्याचा काडीचाही विश्वास नसतो.

तात्यांचं जुनं गिऱ्हाईक म्हणजे एक विद्यापीठ. नाव सांगत नाही; उगाच बाकीच्यांना वगळल्यासारखं व्हायला नको. या विद्यापीठाच्या ‘हरित परिसरा’ची रील रोज इन्स्टाग्रामवर येते. ड्रोनमधून दिसणारी झाडी, मागे बासरी, पुढे झारी धरलेले कुलगुरू. दुपारी गिऱ्हाईक नसलं की नातू मोबाइल धरतो आणि तात्यांची तपासणी सुरू होते.

“थांब. मागं घे. मोठं कर. ही काळी पिशवी दिसती का? पिशवी न फाडताच लावलंय. हे रोप न्हाय बाबा, पार्सल हाय.”

प्राध्यापकांना विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’चे निकष पाठ करावे लागतात. तात्यांना ते धंद्यातून कळले. विद्यापीठाच्या हजार गुणांपैकी शंभर सातव्या निकषाला, आणि हरित परिसर, ऊर्जा-बचत, पर्यावरण लेखापरीक्षण हे सगळं त्यातच येतं, हे त्यांना माहीत आहे. समिती येणार असली की आदल्या दिवशी टेम्पो भरून कुंड्या भाड्याने जातात. समिती गेली की परत येतात. “त्यांची जैवविविधता आपल्या टेम्पोनं ये-जा करती,” तात्या म्हणतात. फुटलेल्या कुंडीचे पैसे वेगळे.

एकदा विद्यापीठातले एक सर कौतुकाने सांगू लागले, की आम्ही ‘ग्रीनमेट्रिक’मध्ये उतरलोय. इंडोनेशियातलं एक विद्यापीठ 2010 पासून जगभरच्या विद्यापीठांची ही क्रमवारी लावतं. माहिती ज्याची त्यानेच भरून पाठवायची, पुरावे जोडायचे. तात्यांनी गुणांची वाटणी विचारली. ऊर्जा आणि हवामानाला 21 टक्के, कचऱ्याला 18, वाहतुकीला 18, पाण्याला 10.

“पाण्याला दहाच? हा तक्ता पावसाळ्यात केला असणार, सर. तुमचं इथवर येणं वाहतुकीत धरलंय का?”

सर एकटेच मोठ्या गाडीतून आले होते. गाडी चालूच होती, एसीसाठी.

तात्या असे का, याचं उत्तर गावातच आहे. संभाजीराजांना दूध पाजणाऱ्या धाराऊ गाडे या कापूरहोळच्या. तात्यांचा सगळा युक्तिवाद त्यांच्यापाशी येऊन थांबतो. “बारशाला समदं गाव जमतं. दूध कोण पाजणार ते इचारा!” सरकारलाही ते यातून सोडत नाहीत. 2019 च्या पावसाळ्यात राज्यात 33 कोटी झाडं लावायचं ठरलं, तेव्हा रोपवाटिकेत उभं राहायला जागा नव्हती. पुढे 2021 मध्ये या वृक्षलागवडीच्या चौकशीसाठी आमदारांची समिती नेमली गेली. “झाडांवर समिती बसली,” तात्या म्हणतात, “पाखरं बसली का ते कळवा.”

तात्यांची ही बडबड अखेर विद्यापीठाच्या कानावर गेली. शहाण्या संस्था टीकाकाराशी भांडत नाहीत; त्याचा सत्कार करतात. तात्यांना बोलावून शाल, श्रीफळ आणि ‘हरितमित्र’ असं छापलेलं प्लास्टिकचं सन्मानचिन्ह दिलं. तात्या माइकवर बराच वेळ बोलले. मागच्या वर्षीची किती जगली? मे महिन्यात पाणी कोण घालतं? सगळी रोपं गिरिपुष्पाचीच का, करंज, बहावा, हिरडा का नाही? सभागृहाने मनापासून टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी रील आली. तात्या हसताहेत, हात जोडताहेत, मागे बासरी. प्रश्न एकही नाही. भोरपासून नसरापूरपर्यंत लोकांनी फोन करून अभिनंदन केलं. तात्यांनी ती रील दोनदा पाहिली. “मलाबी हिरवा रंग दिला की रं,” म्हणाले, आणि नातवाला तिसऱ्यांदा लावायला सांगितली.

पुढच्या जूनला विद्यापीठाची मागणी नेहमीप्रमाणे आली: पाचशे रोपं, उंच आणि गर्द हिरवी, उद्घाटनाआधी पोचावीत. तात्यांनी बिलात एक ओळ वाढवली: ‘मे महिन्यातील पाणी, टँकरसह, वेगळे.’

लेखा विभागाने बिल परत पाठवलं. त्या ओळीपुढे शेरा होता: ‘सदर बाब कार्यक्रमपत्रिकेत नाही. प्रमुख पाहुण्यांचे नाव व फोटो जोडावा.’