लॉर्ड्सवर पाठमोरी

२०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मला लॉर्ड्सवर स्वयंसेवकाची ड्युटी लागली, तेव्हा सांगलीच्या आत्याला फोन केला. "म्हणजे वेंगसरकरच्या लॉर्ड्सवर?" तिने विचारलं. दिलीप वेंगसरकरांनी तिथे लागोपाठ तीन कसोट्यांत तीन शतकं केली आणि सचिनला एकही जमलं नाही, हे आमच्या घराण्याने अजून पचवलेलं नाही.

"तेच गं, पण क्रिकेट नाही, तिरंदाजी आहे."

"मग लॉर्ड्सवर कशाला?"

याला उत्तर नव्हतं. पुढचा प्रश्न ठरलेलाच होता. पगार किती? शून्य. ड्युटीच्या दिवशी जेवण, लंडनमधला प्रवास आणि जांभळा शर्ट, एवढंच. उलट स्वतःची रजा खर्च करून किमान दहा दिवस द्यायचे. एवढ्यासाठी सुमारे दोन लाख चाळीस हजार लोकांनी अर्ज केले होते आणि त्यांतून आम्ही सत्तर हजार निवडले गेलो, असं सांगितल्यावर आत्या म्हणाली, "तिकडे लोकांना कामं नाहीत वाटतं."

कामं होती. आमच्या तुकडीत एक निवृत्त सर्जन होते. आयुष्यभर लोक त्यांच्यासमोर निमूट आडवे झाले असतील, इथे ते कॉलेजातल्या टीम लीडरला "चहाला जाऊ का?" असं विचारत आणि ती घड्याळ बघून "दहा मिनिटं" म्हणे. सर्जनसाहेब नवव्या मिनिटाला परत. लॉर्ड्सच्या ज्या क्लबने १९९८ पर्यंत बायकांना सभासद करून घेतलं नव्हतं, त्याच्या पॅव्हेलियनच्या आसपास मी पाण्याच्या बाटल्यांचे खोके मोजत हिंडत होते. सभासदत्व नव्हतं, पण गळ्यातलं ओळखपत्र होतं आणि टायची सक्ती नव्हती.

खेळ? तो आमच्या पाठीमागे चालू असायचा. स्वयंसेवकाचं तोंड प्रेक्षकांकडे. लग्नघरातल्या माणसासारखंच हे. मंगलाष्टकं कानावर पडतात, अक्षता पडतात तेव्हा आपण कोठीघरात ताटं मोजत असतो. पॅव्हेलियनकडून सुटलेला बाण सत्तर मीटरवर कुठे लागला, हे मला प्रेक्षकांच्या भुवयांवरून कळायचं. काही दिवसांनी दहाची भुवई आणि आठची भुवई वेगळी ओळखता यायला लागली.

पहिल्या दिवशी तर प्रेक्षकही नव्हते. २७ जुलैची मानांकन फेरी लोकांसाठी खुली नव्हती. तिची तिकिटंच विक्रीला नव्हती, म्हणून बऱ्याच जणांनी ती फुकट आहे असं धरलं आणि पोराबाळांसह, डबे घेऊन गेटवर आले. त्यांना हसतमुखाने परत पाठवायचं होतं. हसतमुख राहणं आम्हाला शिकवलेलं होतं, परत जाणं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. इंग्रज माणूस चिडला की जास्तच सभ्य बोलतो, आणि ते शिवीपेक्षा लागतं. नेमकं त्याच वेळी आत कोरियाचा इम डोंग-ह्युन ७२० पैकी ६९९ गुण मिळवून विश्वविक्रम करत होता. त्याची नजर अधू. त्याला लक्ष्य धूसर दिसत होतं, आणि धडधाकट डोळ्यांची आम्ही मंडळी गेटबाहेर.

१ ऑगस्टला वारा होता. जगात अव्वल मानांकन असलेली आपली दीपिका कुमारी पहिल्याच फेरीत ब्रिटनच्या एमी ऑलिव्हरकडून हरली. लॉर्ड्स दणाणलं. भुवया बघायची गरजच पडली नाही. जांभळा शर्ट घातला की तुम्ही कुठल्याच देशाचे नसता, असं प्रशिक्षणात बजावलेलं. मी कुठल्याच देशाची नसल्यासारखी एका आजोबांना लिफ्ट दाखवली आणि मग खोके पुन्हा मोजले. ते बरोबर होते.

त्या शर्टाची एक जादू मात्र मानायला हवी. लंडनच्या भुयारी रेल्वेत शेजाऱ्याशी बोलणं असभ्य समजतात. त्या उन्हाळ्यात मात्र अनोळखी माणसं समोर बसून "आज कुठे ड्युटी?" असं विचारत, आभार मानत. अशी विचारपूस मला त्या शहरात आधी मिळाली नव्हती, नंतरही नाही. आत्याला पगार म्हणून मी हेच सांगितलं. तिने ते उत्पन्नात धरलं नाही.

तुम्ही कधी मोठ्या स्पर्धेला गेलात, तर रंगीत शर्टातल्या माणसाला स्वच्छतागृह विचारा, लिफ्ट विचारा, हरवलेली छत्री विचारा. स्कोअर तेवढा विचारू नका. उलट, ठाऊक असेल तर त्याला सांगा.