काकांचं 'आमचं' विमान

विमानवाले काका विमान विकत घेत नाहीत. भाड्यानं घेतात, वर्षातून एकदा, फार तर दोनदा. उरलेलं वर्षभर मात्र ते विमान त्यांच्या बोलण्यात घिरट्या घालत असतं. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास कुणाच्याही घरच्या गणपतीला जा, प्रसादाची वाटी हातात येते न येते तोच मागून आवाज येतो, "आमचं विमान हॉकर बरं का. एट हंड्रेड एक्सपी." राहत्या घराबद्दल काका इतक्या हक्कानं 'आमचं' म्हणत नाहीत. त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

काका नोकरीवर आले, मग स्वतःची सॉफ्टवेअर कन्सल्टिंग कंपनी काढली, ती बरी चालली. गल्फस्ट्रीम परवडावं इतकी नाही. सगळ्यात छोट्या जेटमध्ये गुडघ्याला गुडघे लागतात, ते काकूंना चालत नाही. राहता राहिलं मधल्या आकाराचं, आणि पैशांचा विचार करता, जुनं. दलालानं पाठवलेल्या फोटोखाली दोन सालं असतात: विमान 2001 चं, आतली सजावट 2018 ची. काका पाहुण्यांना दुसरं साल सांगतात.

हॉकरची वंशावळ त्यांना तोंडपाठ आहे. 13 ऑगस्ट 1962 ला इंग्लंडमध्ये हॅटफिल्डला या घराण्यातलं पहिलं विमान उडालं, तेव्हा त्याचं आडनाव डी हॅविलंड होतं. पुढे हॉकर सिडले झालं, मग ब्रिटिश एरोस्पेस. 1993 मध्ये ते अमेरिकेतल्या रेथिऑनकडे गेलं, 2007 मध्ये हॉकर बीचक्राफ्ट झालं, आणि 2012 मध्ये त्या कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केल्यावर बनायचंच थांबलं. काकांना यात कमीपणा दिसत नाही. बनायचं थांबलं म्हणजे दुर्मीळ झालं, असा त्यांचा हिशोब. प्रीमियर पद्मिनीबद्दल त्यांचे वडीलही हेच म्हणायचे.

हुकमी किस्सा बोट्स्वानाचा. 1988 च्या ऑगस्टमध्ये त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष क्वेट मासिरे याच जातीच्या विमानातून अंगोलावरून चालले होते. अंगोलाच्या मिगनं क्षेपणास्त्र सोडलं, एक इंजिन तुटून पडलं, तरी वैमानिकानं विमान उतरवलं आणि राष्ट्राध्यक्ष वाचले. किस्सा शंभर टक्के खरा. फक्त तो सांगायला काका विमान धावपट्टीवर वेग घेईपर्यंत थांबतात, आणि काकूंना रामरक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते.

2024 चं बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन कॅलिफोर्नियात, सॅन होजेला होतं. अशा वेळी काकांच्या अंगात येतं. खरं तर एडिसनला जवळचा विमानतळ नेवार्क. तिथून सॅन फ्रान्सिस्कोला दिवसभर थेट विमानं सुटतात आणि सहा तासांच्या आसपास पोचवतात. पण खासगी विमानांची पंढरी टीटरबरो. त्यामुळे काकांचा तांडा टर्नपाइकवरून निघतो, डाव्या हाताला नेवार्कवरून चढणारी विमानं बघत बघत नेवार्क मागे टाकतो आणि आणखी अर्धा तास गाडी हाकतो.

टीटरबरोला पोचल्यावर मात्र सुख आहे. रांग नाही, पट्टा सोडणं नाही. नावं आधीच यादीशी पडताळलेली. ओळखपत्र दाखवायचं आणि चालत विमानाशी जायचं. इथे 1,00,000 पौंडांहून जड विमानाला बंदी आहे, म्हणजे ज्याच्या घरी स्वतःचं बोइंग आहे त्यालाही इथे उतरता येत नाही. हे सांगताना काकांच्या आवाजात त्या बोइंगवाल्याबद्दल खरीखुरी कणव असते.

निघण्याआधी कंपनी प्रत्येकाचं वजन विचारते. काकांनी कळवलेलं स्वतःचं वजन अमेरिकन नागरिकत्वाच्या अर्जावरचं होतं.

आत छताची उंची पावणेसहा फूट. काका त्याहून तीन इंच कमी, त्यामुळे ते मधल्या वाटेवरून छाती काढून फिरतात. सहाफुटी जावई कमरेत वाकूनच आत येतो. सासऱ्यापुढे जावई वाकलेला बघायची याहून सोय कुठे आहे? लाकडी टेबलांना चकचकीत पॉलिश, पट्ट्यांची बकलं सोनेरी, आणि खुर्चीच्या हातात अजून सिगारेटची राखदाणी, जिच्यात काकू वेलदोडे ठेवतात. हवाईसुंदरी नसते, सूचना सांगण्यापासून कॉफीपर्यंत सगळं सहवैमानिक बघतो. जेवणाचे दर एकदा पाहिल्यापासून काकू तिखटमिठाच्या पुऱ्या घरूनच नेतात. सामानाची जागा दारातून शिरल्याबरोबर, कॉकपिटच्या मागे, कोनाड्याएवढी. तबला-डग्गा बसला, पगड्यांचे खोके बसले, तंबोरा काही केल्या बसेना. तो एका भाच्याबरोबर नेवार्कहून पाठवला.

तो आधी पोचला. त्यात नवल नाही, कारण हॉकर हे प्रवासी जेटपेक्षा जरा सावकाश चालतं. कागदावरचा पल्ला 2,500 सागरी मैलांच्या आगेमागे असला, तरी माणसं भरलेली, वर सामान, आणि पश्चिमेकडे जाताना वारा समोरून. मग कॅन्ससमध्ये सलायनाला इंधनासाठी थांबावं लागतं. पाहुणे उतरून चहूकडची सपाट शेतं बघतात. काका सांगतात, हे विमान इथून जवळच, विचिटाला जुळवलेलं. मुद्दाम माहेर दाखवायला थांबलोय.

थट्टा पुरे, एका बाबतीत काकांना मानलं पाहिजे. दर वर्षी कुणीतरी ओळखीचा ओळखीचा भेटतो, म्हणतो माझं स्वतःचं विमान आहे, निम्म्या पैशांत नेतो. अमेरिकेच्या हवाई नियमांत स्वतःपुरत्या उड्डाणाला भाग 91 आणि भाड्यानं माणसं नेण्याला भाग 135. परवान्याशिवाय गुपचूप भाडं मारणाऱ्यांना त्या धंद्यातले लोक थट्टेनं 'एकशे साडेचौतीस' म्हणतात. काका तिथे फसत नाहीत. परवाना कुणाच्या नावावर, दोन्ही वैमानिकांचे किती तास झालेत, हे विचारल्याशिवाय ते खुर्च्यांच्या कातड्याच्या रंगाकडे वळत नाहीत. कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करणारा माणूस इथे एक डॉलर कमी करून मागत नाही.

घासाघीस नंतर होते, आपल्याच माणसांशी. तासाला पाच हजार डॉलरच्या आसपास भाडं, वर साडेसात टक्के केंद्रीय कर, वैमानिकांचा मुक्काम. विमान तिथेच थांबवलं तर दिवसाला किमान दोन तासांचे पैसे, परत पाठवलं तर रिकाम्या खुर्च्यांचं भाडं. डिसेंबरात फ्लोरिडाला जाताना बर्फ पडला तेव्हा पंखांवरचा बर्फ धुण्याचे काही हजार वेगळे लागले. हॉकरच्या पंखांच्या कडांतल्या बारीक छिद्रांतून ग्लायकॉल झिरपतं, मग वेगळं धुणं कशाला, असा काकांचा सवाल. ती व्यवस्था हवेत साचणाऱ्या बर्फासाठी असते, जमिनीवर पडलेल्यासाठी नाही, हे वैमानिकानं फार अदबीनं सांगितलं.

सॅन होजेच्या वेळी खुर्च्या आठ आणि शब्द दिलेला नऊ जणांना. दलालानं तोड सांगितली: या विमानात मागच्या स्वच्छतागृहातल्या बैठकीवर गादीचं झाकण आणि पट्टा आहे, उड्डाणाच्या वेळीही तिथे बसायला रीतसर मंजुरी आहे. काकांनी हे साडूंना 'मागची केबिन' म्हणून कळवलं. साडू नवा सदरा घालून आले आणि सलायनापर्यंत तिथेच बसले. कुणाला गरज लागली की उठून बाहेर उभे राहायचे.

महिन्याभरानं व्हॉट्सॲपवर हिशोब आला, नऊ सारखे भाग, सेंटपर्यंत. साडूंनी सवलत मागितली. काकांनी उत्तर धाडलं, "अख्ख्या विमानात दार लावून घेता येणारी खोली तुम्हा एकट्यालाच होती. खरं तर जास्त लावायला हवे होते."