दोनशेचा हुद्दा

गुणाकाराच्या कष्टांतून मनुष्यजातीची सुटका करण्याचे कार्य ज्यांनी शिरावर घेतले, त्या मर्चिस्टनच्या जहागीरदार जॉन नेपियर यांनी, १७०० सालच्या आत जगाचा अंत होणार असे गणित मांडून १५९३ साली ते ग्रंथरूपाने जाहीरही केले होते. आणि तरीसुद्धा १६१४ साली त्यांनी लॉगरिथमची कोष्टके प्रसिद्ध केली, यावरून प्रलय उंबऱ्याशी आला तरी हिशेब तुंबू देऊ नयेत, ही त्यांची दफ्तरी निष्ठा दिसून येते. पुढल्याच वर्षी लंडनचे प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज त्यांच्या भेटीस स्कॉटलंडात गेले, तेव्हा उभयता पाव तास एकमेकांकडे नुसते पाहत राहिले, अशी आख्यायिका आहे. (दोन गणिती समोरासमोर आल्यावर याहून चुरचुरीत संभाषणाची अपेक्षा मी तरी केली नसती.) वाचा फुटल्यावर मात्र दहा हा पाया धरावा, अशी तजवीज ठरली, आणि ब्रिग्ज यांनी तीस हजार संख्यांचे लॉग चौदा दशांशस्थळांपर्यंत काढून १६२४ साली छापले. आमच्या शाळेतल्या लॉग टेबलात चारच स्थळे होती, हे उपकार.

आता त्यातला कारभार असा. दहाचा कितवा घात केला म्हणजे अमुक संख्या होईल, एवढेच लॉग सांगतो. दोनाचा लॉग ०.३०१०, विसाचा १.३०१०, दोनशेचा २.३०१०. दशांशचिन्हाच्या डावीकडचा आकडा, ज्याला मास्तर कॅरेक्टरिस्टिक म्हणत, तो हुद्दा. उजवीकडचा मँटिसा, तो स्वभाव. अव्वल कारकुनाचा बढतीने मामलेदार झाला, तरी त्याची तपकीर जशी सुटत नाही, तशी दोनाची ती ३०१० काही केल्या सुटत नाही. हुद्दा आपणच, संख्येच्या पूर्णांकातले अंक मोजून त्यांतून एक वजा करून, ठरवायचा; कोष्टक केवळ स्वभावाची माहिती देते. ०.०२ इतकी अधोगती झाली, तर हुद्दा उणे दोन होतो, परंतु स्वभाव धनच राखायचा असल्यामुळे उणेचे चिन्ह दोनाच्या डोक्यावर आडवे ठेवून त्यास ‘बार दोन’ म्हणायचे. हा शिष्टाचार न पाळता सरळ वजाबाकी केली, तर उणे १.६९९० येते, आणि कोष्टकात ६९९० शोधू जावे, तो तेथे दोनाऐवजी पाच ठाण मांडून बसलेला आढळतो!

गुणाकार करायचा, तर लॉगांची नुसती बेरीज करायची. दोन व तीन यांच्या लॉगांची, ०.३०१० व ०.४७७१ यांची, बेरीज ०.७७८१, म्हणजे शेवटच्या स्थळी एकाचा फरक सोडला, तर सहाचाच लॉग. बे त्रिक सहा हे तोंडपाठ उत्तर असे पाने उलटून मिळवण्यात जो डौल आहे, तो पाढ्यात नाही.

१८८१ साली सायमन न्यूकम या अमेरिकन खगोलवेत्त्यांनी या कोष्टकांची पहिली पाने शेवटच्यांहून अधिक मळतात, अशी नोंद केली. व्यवहारात एकाने आरंभ होणाऱ्या संख्याच अधिक. त्यांचा वाटा दोनाच्या लॉगाइतका, म्हणजे शेकडा ३०.१, आणि नवाने आरंभ होणाऱ्यांचा जेमतेम ४.६. तेव्हा जुन्या बाजारात एखाद्या प्रतीची शेवटचीच पाने मळकी आढळल्यास पूर्वीच्या मालकाच्या जमाखर्चाची कसून तपासणी व्हावी, ही माझी सूचना संबंधित खात्याने दफ्तरी दाखल करून घ्यावी.