चौसष्टावा हिस्सा

जाहिरात डॉक्टरांनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, तीही चुकून. 1938 साली बांधलेली लाकडी शिडाची यॉट, ओकच्या सांगाड्यावर पिचपाइनच्या फळ्या, तांब्याचे रिव्हेट, संपूर्ण जीर्णोद्धार केलेला, मालकाचं वय झाल्यामुळे विकणे आहे. खाली फोटो. ऑरवेल नदीत सकाळच्या उन्हात ती अशी काही उभी होती, की नोकरी सोडावीशी वाटावी. ग्रुपवर आठ-दहा जणांनी हात जोडले, एकाने गणपतीच्या हॉलचं भाडं भरलं का विचारलं. जाहिरात शेवटपर्यंत वाचली ती दोघांनीच. एक सीए आणि दुसरा मी.

आम्ही तिघेही इंग्लंडमधल्या इप्सविचचे रहिवासी. डॉक्टर भूलतज्ज्ञ, सीए हे सीएच, आणि मी विम्याच्या धंद्यातले संगणक सांभाळतो. नौकानयनाचा माझा अनुभव वेण्णा लेकवर तासाच्या भाड्याने मारलेल्या पायडलपुरता. तोही तास पुरा न करता परत आलो होतो, कारण थंडी वाजत होती.

डॉक्टरांना हुरूप आला तो आराखडा काढणाऱ्याचं नाव वाचून. टी. हॅरिसन बटलर. हे गृहस्थ पेशाने नेत्रशल्यचिकित्सक. दिवसा लोकांचे डोळे बघायचे आणि फावल्या वेळात यॉटचे आराखडे काढायचे. त्या यॉट आजही तरंगताहेत, त्यांच्या मालकांची चक्क एक संघटना आहे. “मेडिकल माणूस आहे,” डॉक्टर म्हणाले, “चुकणार नाही.” भूलतज्ज्ञाने सर्जनवर इतका विश्वास टाकलेला मी प्रथमच पाहत होतो.

घरी मी वेगळा मुद्दा मांडला. कुठेही न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणजे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. 14 जून 1968 ला फाल्मथहून निघाला, 22 एप्रिल 1969 ला परतला. त्याची ‘सुहेली’ ही 32 फुटी बोट कुठे बांधली होती? मुंबईत! आपल्या सागवानात! बायकोने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अरे, तो आधीपासून जहाजावर नोकरीला होता. तू एक्सेलवर आहेस.” अशीच एकट्याने जगप्रदक्षिणा केलेल्या दिलीप दोंदे यांचं नाव मी मग काढलंच नाही. ते नौदलात होते, हे तिला ठाऊक होतं.

तिघांत मिळून घ्यायची असं ठरलं आणि तिथेच पहिली माशी शिंकली. ब्रिटिश कायद्याने नोंदणी झालेल्या जहाजाचे चौसष्ट हिस्से असतात. शंभर नाही, साठ नाही, चौसष्ट. मालकाकडे नोंदणीचा कागद होता, आणि तो पाहून मला आमच्या सातबाऱ्याची आठवण होऊन भरून आलं. चौसष्टला तीनने भागलं की एकवीस येतात आणि वर एक उरतो. हा उरलेला एक कोणाचा? डॉक्टर म्हणाले, जाहिरात मी शोधली. सीए म्हणाले, हिशेब मी ठेवणार. मी म्हणालो, मला तत्त्वतः काहीच नको, पण मग दोघांपैकी कोणाला तरी का मिळावा? यॉट अजून डोळ्यांनी पाहिली नव्हती, आणि आमच्यात भाऊबंदकी सुरू झाली होती. शेवटी सीएंनी नियम शोधून काढला: एका हिश्श्याला पाच जणांपर्यंत संयुक्त मालक चालतात. म्हणजे चौसष्टावा हिस्सा तिघांचा सामायिक. तोडगा निघाल्याचं डॉक्टरांना इतकं वाईट वाटलेलं मी पाहिलं नव्हतं.

रविवारी यॉट बघायला गेलो. मालक ऐंशीच्या घरातले, हाताला वॉर्निशचा वास, बोलणं मोजकं. त्यांनी आधी जीर्णोद्धाराचा अल्बम दाखवला. कुजलेली फळी काढताना, नवी फळी वाफेवर मऊ करून वाकवताना, फटींत कापसाचा पीळ ठोसताना. लग्नाचा अल्बम लोक इतक्या बारकाईने दाखवत नाहीत. सीएंनी घसाऱ्याचा विषय काढला. 1938 ची मालमत्ता, पुस्तकी किंमत शून्य, मग मागणी एवढी कशी? म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडे बघून अल्बमचं पुढचं पान उलटलं.

लाकडी बोट ठोकून बघावी, शाबूत लाकूड खणखणीत वाजतं आणि कुजकं बद्द, एवढं मी वाचून गेलो होतो. पण ठोकायचं कशाने, हे वाचायचं राहिलं. डॉक्टर पुढे झाले. डावा पंजा फळीवर सपाट ठेवून उजव्या हाताच्या मधल्या बोटाने त्यावर टकटक, एमबीबीएसला छाती तपासायला शिकवतात तसं, नाळेपासून मागपर्यंत. मध्येच थांबून गंभीरपणे म्हणाले, “इथे डल येतंय.” त्यामागे कपाट होतं, त्यात दोऱ्या भरलेल्या होत्या.

नोंदणीचा क्रमांक आतल्या मुख्य तुळईवर कोरलेला असतो, तोही डॉक्टरांनीच शोधला. कपाळाने. बर्फ लावेपर्यंत त्यातले दोन आकडे वाचता येत होते.

यॉट चार टनांची, हे ऐकून सीए वजनाच्या हिशेबाने किलोचा भाव काढू लागले. तर हे टन वजनाचे नव्हेतच. 1855 पासून चालत आलेलं थेम्स माप आहे: लांबीतून रुंदी वजा करा, रुंदीने गुणा, परत अर्ध्या रुंदीने गुणा, 94 ने भागा. नदीतल्या जागेचं भाडं मात्र मीटरवर, आणि त्यात नाळेपुढे आलेला लाकडी सोटही धरायचा. म्हणजे नाकाचंही भाडं. शिवाय हिवाळ्यात बाहेर काढून ठेवली की फळ्या सुकतात, आणि वसंतात परत पाण्यात सोडली की फळ्या फुगून फटी मिटेपर्यंत ती गळते. गळायचीच, त्यात काळजी करण्यासारखं काही नाही, असं म्हातारे म्हणाले. सीएंनी वहीत लिहिलं: ‘गळती – नियमित.’

मग चक्कर मारायला निघालो. शीड भरलं, इंजिन बंद झालं, आणि खरं सांगतो, ते पहिले काही क्षण किंमत वाजवी वाटली. नेमकं तेव्हाच म्हाताऱ्यांनी सुकाणूचा दांडा माझ्या हातात दिला. दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते, एवढंच लक्षात ठेवायचं. समोरून इप्सविच बंदराकडे जाणारं एक मालवाहू जहाज येईपर्यंत ते माझ्या लक्षातही होतं. जहाज बरंच लांब होतं, असं नंतर सगळे म्हणाले. मी तत्परतेने बाजूला झालो, खुणेच्या तरंगत्या पिंपांपलीकडे गेलो, आणि यॉट अगदी हळुवार, आवाजसुद्धा न करता, चिखलावर बसली.

ओहोटी नुकतीच लागली होती. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी सदाशिव पेठेतला. तासाभरात पाणी दिसेनासं झालं आणि यॉट कुशीवर कलंडली. आम्ही तिघे एका बाजूच्या बाकावर, पाय समोरच्या भिंतीवर. सीए चालत काठावर जातो म्हणून उतरले. एक पाऊल गुडघ्यापर्यंत गेलं, परत आलं ते बुटाविना. डॉक्टरांना बोट लागली. हलत नसलेली बोट लागल्याची नोंद वैद्यकशास्त्रात आहे का, ते बघतो म्हणाले. बायकोचा फोन आला.

“कुठे आहात?”

“यॉटवर.”

“पाण्याचा आवाज येत नाहीये.”

“पाणी नाहीये.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग पोळ्या करू का, तेवढं विचारलं.

म्हातारे मात्र तिरप्या ओट्याशी तिरपे उभे राहून चहा करत होते. संध्याकाळी भरती आली. ती आधी आत आली. एरवी पाण्याच्या वर राहून सुकलेल्या फळ्या आता खाली होत्या, आणि त्यांच्या फटींतून पाणी झिरपून सीएंच्या वहीपर्यंत पोचलं. हातपंप मारला मी. तेवढं एकच काम त्या दिवशी मला बिनचूक जमलं. मग ती सरळ झाली, तरंगली, आणि म्हाताऱ्यांनी अंधारात, एका हातात कप धरून, धक्क्याला लावली. तिला ओरखडासुद्धा नव्हता.

सीएंनी आपले एकवीस हिस्से दुसऱ्याच दिवशी मेसेजवर सोडले. डॉक्टरांनी आठवडाभराने, रीतसर पत्राने. माझे मी सोडलेले नाहीत. यॉट अजून विकाऊ आहे, किंमत थोडी उतरली आहे, आणि मालक मला विकायला एका अटीवर तयार आहेत: सुकाणू मी धरायचं नाही. तेव्हा वाचकांत कोणी मालवण, हर्णै, अलिबागकडचं, लहानपणी होडीत वाढलेलं आणि सध्या सफोकच्या आसपास राहणारं असेल, तर जरूर कळवावं. बेचाळीस हिस्से मोकळे आहेत. चौसष्टाव्यावर मी हक्क सांगणार नाही.