बासरी वाजली, मान वळवा

मराठी प्रेक्षकाने कधी रडायचं, हे हल्ली बासरी ठरवते. रात्री साडेआठच्या मालिकेत सून देवघरासमोर उभी राहते. तोंडातून अक्षर काढत नाही. कॅमेरा समईवर जातो, बासरी सुरू होते आणि आमच्या इमारतीत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पदर डोळ्यांना लागतात. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यापाशी कोथिंबिरीची जुडी निवडता निवडता विषय निघतोच, "काल फारच रडवलं हो!" काल झालं काय, असं मात्र विचारू नये. सुनेला काहीतरी कळलंय, एवढंच झालेलं असतं. काय कळलंय, ते सोमवारी.

या रडण्याला हसणारा एक वर्ग घरोघरी सोफ्यावर बसलेला असतो. आमच्या मजल्यावरचे काका त्यातले. "एकदा 'नाही' म्हणाली, तर तीनदा वीज कडाडली. तीही तीन बाजूंनी!" असं ते रोज म्हणतात. रोज म्हणता यावं म्हणून रोज बघतात. आपण बातम्यांसाठी बसलोय, असं सांगतात. बातम्या लागल्या की त्यांना झोप येते.

काकांचा मुद्दा तसा खोटा नाही. मालिकेचं पार्श्वसंगीत म्हणजे ठरलेल्या धुनांचा साठा. सुखाची एक, दुःखाची एक, खलनायिका जिना उतरते तेव्हाची एक आणि नायक-नायिका एकमेकांवर आदळतात तेव्हाचा शीर्षकगीतातला आलाप. रोज एक भाग वाहिनीला पोचवायचा असतो. प्रत्येक हुंदक्याला नवी चाल लावायला वेळ कुणाकडे आहे? तेव्हा काढा साठ्यातली बासरी, लावा सुनेला.

पण याच साठ्याने चाहत्यांना खरं रडवलंय. नायक-नायिकेचा तो आलाप एखाद्या दिवशी नायक आणि दुसरीच बाई समोरासमोर आली असताना वाजतो, आणि मग जो आगडोंब उसळतो! नायकाने दुसरं लग्न केलं तर चाहते समजून घेतात. टीआरपी पडला असेल, म्हणतात. पण आमच्या जोडीची धून तिला? धुनेच्या सातबाऱ्यावर पहिल्या नायिकेचं नाव चढलेलं असतं. तिथे फेरफार कोणी केला, याची चौकशी भाग संपायच्या आत सुरू होते. नवऱ्यावरचा हक्क सोडता येतो, आलापावरचा नाही.

तरी काकांसारखं हसण्याआधी स्वयंपाकघरात एक फेरी मारून यावी. साडेआठला तिथे पोळ्या चाललेल्या असतात. करणारीची पाठ टीव्हीकडे. दिवाणखान्यात खलनायिकेची धून वाजते, तशी ती न वळताच विचारते, "आली का टवळी?" ढोल वाजला की लाटणं थांबवत नाही, तिला ठाऊक असतं की हा जाहिरातीआधीचा पोकळ ढोल आहे. बासरी लागली की मात्र गॅस बारीक करते, मान वळवते, पिठाचे हात लागू नयेत म्हणून मनगटाने डोळे टिपते आणि तव्यावरची पोळी करपायच्या आत परत फिरते. मालिका ती बघते कुठे? ऐकतेच. सारा दणदणाट या पाठमोऱ्या बाईसाठी आहे.

हे शास्त्र जुनं आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत साबण कंपन्यांच्या पैशावर दुपारी रेडिओवर कौटुंबिक मालिका चालत, त्या घरकामात गुंतलेल्या बायकांसाठीच. प्रसंग बदलला, कोणी हादरलं, की ऑर्गन वाजे. भांडी घासणारीला तेवढं पुरे. आपल्याकडेही मुंबई आकाशवाणीवरच्या 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी हातातलं काम न सोडता घरोघरी भेटत. पुढे १९९९ साली अल्फा मराठीवर 'आभाळमाया' आली. अशोक पत्कींची चाल आणि देवकी पंडितांचा आवाज कानी पडला की लोक हात पुसत बाहेर येत. तेव्हा गाणं भागाच्या सुरुवातीला एकदाच बोलवायचं. आता दर दोन मिनिटांनी बोलवावं लागतं, कारण एकदा हाक मारून कोणी येत नाही.

या संगीताचा खरा कस २०२०मध्ये लागला. तेव्हाच्या औरंगाबादच्या यशराज मुखाटेने 'साथ निभाना साथिया'मधला एक जुना प्रसंग उचलला. सासू कोकिलाबेन कुकरवरून सुनांची उलटतपासणी घेते. त्या जाबजबाबाला त्याने ठेका दिला आणि देश नाचला. २०१७ साली संपलेल्या मालिकेचं दुसरं पर्व त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हजर झालं. गुन्हा काय, तर राशीने चणे काढून घेऊन रिकामा कुकर गॅसवर ठेवला. सोफ्यावरची मंडळी हसून लोळली. स्वयंपाकघरातली बाई हसली नाही. रिकामा कुकर गॅसवर ठेवणं हा खरोखरच गुन्हा आहे, हे त्या घरात तिलाच माहीत होतं.

वाहिन्यांच्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट सासू असते, सून असते, शीर्षकगीतही असतं. पोळी न करपवता वेळेवर रडणारीला काही नसतं. तेही चालेल. पण काकांना आवाज खरंच सोसत नसेल, तर इलाज त्यांच्या हातात आहे. साडेआठ ते नऊ पोळ्या त्यांनी लाटाव्यात. ती सोफ्यावर बसली की तिला नटनट्यांचे चेहरे दिसतील आणि चेहऱ्यांवर काहीच नाही, हेही दिसेल. दुसऱ्या आठवड्यात मालिका बंद पडेल.