मूळ प्रत

शिक्केकाकांच्या घरी चहा आधी मिळत नाही. आधी ट्रंक बघावी लागते. भातसेवर डुंबायला येणारे सहलवाले सोडले, तर खडवली स्टेशनावर नवखा माणूस फारसा उतरत नाही, आणि उतरलाच तर तो काकांना चुकत नाही. मी नवखा नव्हे, तरी सापडलो.

"काका, लग्नाची पत्रिका द्यायला आलोय."

"किती साली छापलेली?"

तीस वर्षं काकांनी कसारा लोकल केली आणि तीस वर्षांत काहीही फेकलं नाही. टीसीच्या चिमट्यानं भोक पाडलेली पुठ्ठ्याची तिकिटं, संपलेले पास, अंबरनाथच्या विमकोच्या काड्यापेट्यांवरची लेबलं, बिग फन बबलगममधली क्रिकेटपटूंची चित्रं (ही मुलाच्या हातून हिसकावलेली, मुलगा आता चाळिशीचा आहे, पण विषय काढला की अजून घुश्शात उठून जातो), आणि बोरीबंदरच्या फुटपाथवरची नाणी. त्यांतली काही अस्सलही असतील. पुण्याच्या दिनकर केळकरांचा उल्लेख काका 'आमच्यातले' असा करतात. केळकरांनी अडकित्ते, दिवे आणि काय काय जन्मभर जमवलं आणि 1975 साली सगळं राज्य सरकारच्या हवाली केलं. काकू म्हणतात, "यांचंही सरकारनं न्यावं. टेम्पोचं भाडं मी देते."

26 जुलै 2005 ला ट्रंकेत पाणी शिरलं. खडवलीची ओल पापडाला सोडत नाही, ती टपाल तिकिटांना काय सोडणार! काकांनी घरभर दोऱ्या बांधून तिकिटं चिमट्यांनी वाळत घातली. दोरीभर गांधीजी आणि पंडित नेहरू लटकलेले पाहून शेजाऱ्यांना वाटलं, पंधरा ऑगस्टची तयारी यंदा लवकर सुरू झाली. पण काका मनातून हलले ते तेव्हाच. ओल लागणार नाही असा संग्रह त्यांना हवा होता.

मध्ये एक ट्रॅक्टरचं प्रकरण झालं. पाच रुपयांच्या जुन्या ट्रॅक्टरवाल्या नोटेला लाखो रुपये मिळतात, असे मेसेज फिरत होते. काकांकडे अशा नऊ नोटा. गिऱ्हाईक फोनवर गोड बोललं आणि आधी 'कमिशन' मागू लागलं. नेमका ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेनं अशा व्यवहारांबद्दल जाहीर इशारा दिला, म्हणून काका वाचले. "नोट खरी होती," ते आजही सांगतात, "गिऱ्हाईक खोटं निघालं."

मग डोंबिवलीच्या भाच्यानं त्यांना एनएफटी, म्हणजे डिजिटल वस्तूच्या मालकीचं टोकन, सांगितली. ती काकांना जशी कळली तशी मला अजून कुणी समजावलेली नाही.

"चित्र सगळ्यांचं, सातबारा माझा! तुम्ही बघा, डाउनलोड करा, भिंतीला लावा. नाव माझंच राहणार. आणि तलाठी एक नाही, जगभरचे हजारो कॉम्प्युटर तलाठी. सगळ्यांना चहापाणी करणार कसं?"

मी मान हलवली, तसा त्यांना चेव चढला. मार्च 2021 मध्ये बीपल नावाच्या अमेरिकन चित्रकाराचं, कागदावर कधी न उतरलेलं चित्र ख्रिस्तीजच्या लिलावात 6 कोटी 93 लाख डॉलरना गेलं. "आणि घेतलं कोणी? विघ्नेश सुंदरेशन! मूळचा तमिळ. आपला माणूस!" तमिळ माणूस आपला म्हणण्याइतकं मोठं मन लोकलच्या सीटवर काकांनी कधी दाखवलं नव्हतं. ट्विटरच्या जॅक डॉर्सीचं पहिलं ट्विट 29 लाख डॉलरना विकलं गेलं, हेही ते सांगतात. वर्षभरानं तेच पुन्हा विकायला काढलं, तेव्हा सुरुवातीला तीनशे डॉलरच्या आतल्याच बोल्या आल्या, हा भाग सांगताना त्यांना खोकला येतो.

काकांनी चार हजारांना एक टोकन घेतलं. चित्रात होता गॉगल घातलेला पोपट. पुढचं सगळं ओघानंच आलं. सकाळच्या लोकलला, पिठाच्या गिरणीत, सगळीकडे एकच प्रश्न: "काका, पोपट कसा झालाय?" 1 एप्रिल 2022 पासून सरकारनं असल्या कमाईवर 30 टक्के कर लावला, तेव्हा काकांनी पेढे वाटले. "भंगारावर कुणी इतका कर लावतं का? म्हणजे माल आहे!" यातला तोटा दुसऱ्या कमाईतून वजा करता येत नाही, ही बातमी काकूंनी वाचून दाखवली. पेढा तोंडात असल्यानं काकांना उत्तर देता आलं नाही.

एके सकाळी पोपट दिसेना. नोंद जागच्या जागी होती, नाव काकांचंच होतं. पण चित्र ठेवलं होतं एका कंपनीच्या सर्व्हरवर, आणि कंपनीनं गाशा गुंडाळला होता. उरली एक करडी चौकट. सातबारा शाबूत, जमीन भातसेत वाहून गेलेली.

मला वाटलं, आता काका खचतील. त्यांनी त्या करड्या चौकटीची रंगीत प्रत काढली, लॅमिनेट केली आणि ट्रंकेत सगळ्यात वर ठेवली. "पोपट असलेली टोकनं ढिगानं मिळतील," ते म्हणाले, "पोपट उडालेलं खडवलीत एकच."

चहा झाला. काका स्टेशनपर्यंत सोडायला आले, फलाटावर सवयीनं हात पुढे केला. "तुमचं तिकीट द्या, संग्रहाला."

"मोबाईलवर आहे, काका."

"मग फोटो काढून पाठवा."

"फोटो टीसी धरत नाहीत. मूळ तिकीटच उघडून दाखवावं लागतं."

काका थबकले. कसाऱ्याहून येणारी गाडी दिसू लागली होती. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बघा. रेल्वेला कळलं."

गाडीत मी दारातच उभा होतो. गाडी सुटली तरी ते सोबत चालत होते आणि माझ्या मोबाईलकडे बोट दाखवून ओरडत होते, "डिलीट करू नका!"