युटिल्स-फोल्डर-मीमांसा

सॉफ्टवेअरच्या रचनेवर थोरामोठ्यांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. परंतु बहुतेक प्रकल्पांत ‘युटिल्स’ नावाचा जो एक फोल्डर आढळतो, त्याच्या उत्पत्तीकडे विद्वानांनी हवे तसे लक्ष दिलेले नाही. ही उणीव प्रस्तुत प्रबंधाने भरून निघेल. (विषय क्षुल्लक आहे, हा आक्षेप मान्य. कोड रिव्ह्यूत एरवीही दुसरे कसले आक्षेप येतात?)

युटिल्सचे मूळ दोन तत्त्वांच्या भांडणात आहे. अँडी हंट आणि डेव्ह थॉमस यांनी १९९९ साली ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर’मध्ये ‘ड्राय’ तत्त्व मांडले: कोणतेही ज्ञान प्रणालीत एकाच जागी असावे. त्याच्या कितीतरी आधी, १९७२ साली, डेव्हिड पार्नास यांनी सांगितले होते की उद्या बदलू शकणारा निर्णय एकाच मॉड्यूलच्या पोटात दडवावा, शेजाऱ्याला त्याचा पत्ता लागू नये. एक शास्त्र एकत्र नांदवते, दुसरे वेगळी चूल मांडायला सांगते.

आता प्रयोग. मोबाइल नंबर दहा अंकी. पॅनही दहा अक्षरी. लांबी तपासणारी सारखीच ओळ दोन फायलींत पाहून ड्रायपंथीयाला राहवत नाही; तो ‘दहा-आहेत-का’ असे फंक्शन काढून युटिल्समध्ये ठेवतो. पुढे दुबईचे ग्राहक येतात. तिथला मोबाइल नंबर, देशाचा ९७१ वगळला तर, नऊ अंकी. फंक्शनला ‘परदेशी’ हा पॅरामीटर चिकटतो. मग दुबईकरांचे अस्सल पॅन बाद होऊ लागतात, कारण तेही परदेशीच. म्हणून आणखी एक पॅरामीटर: ‘पॅन-आहे-का’. आता फंक्शन उघडून पाहावे तर इफच्या खाली पॅनची जुनी ओळ आणि एल्सच्या खाली मोबाइलची. ड्रायच्या जनकांचा रोख ज्ञानावर होता, दिसण्यावर नव्हता, हे टीकाकार पोटतिडकीने सांगतात. पण तोवर कोड प्रॉडक्शनमध्ये गेलेला असतो.

स्वतः लिहूच नये, बाहेरून आणावे, असाही एक पंथ आहे. मार्च २०१६मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतले आणि जगभरचे बिल्ड कोसळले. मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणे, एवढेच त्याचे काम होते.

मार्टिन फाउलर यांनी डॉन रॉबर्ट्स यांच्या नावे नोंदवलेला मध्यममार्ग असा: पुनरुक्ती दोनदा सोसावी, तिसऱ्यांदा एकत्रीकरण करावे. अडचण एकच. तिसरी वेळ ओळखायला पहिल्या दोन आठवाव्या लागतात, आणि त्या लिहिणारे नोटीस पीरियड संपवून गेलेले असतात.

आमचे मत स्पष्ट आहे: त्या दोन ओळी होत्या तिथेच राहू द्याव्यात. आयकर खाते आणि दूरसंचार विभाग एकाच परिपत्रकाने दोन्ही लांब्या बदलतील, त्या दिवशी आम्ही फेरविचार करू.